ज्या काठीनं वाट मोजली

खोटं कोण बोलतंय, काठी की टेप, एवढं एकच ठरवायचं होतं. पण सकाळचे साडेदहा वाजले तरी जड माल वाहणाऱ्या ओव्हाळांना ते ठरवता येईना.

वारज्याच्या यार्डात गाडी उभी होती. हौद्यात भगवान बुद्ध बसले होते, काळ्या पाषाणाचे, बैठकीसकट नऊ फूट दोन इंच, वजन चार टन. सकाळीच क्रेननं त्यांना लाकडी ठोकळ्यांवर अलगद टेकवलं आणि क्रेनवाला दुसऱ्या कामाला निघून गेला. अर्ध्या मिटल्या डोळ्यांची ती मूर्ती इतकी शांत होती, की तिच्याभोवती उभी असलेली माणसं आणखीच बावळट दिसत होती.

मूर्ती संजय ओव्हाळच्या आईच्या, चंद्रभागाबाईंच्या नावानं द्यायची होती. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. हिंजवडीच्या पलीकडच्या वस्तीत, त्यांच्या माहेरी, नवं विहार उभं राहिलं होतं. उद्या माघ पौर्णिमेला भन्ते येणार, अनावरण होणार. वस्तीत शिरायला रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर गावची काँक्रीटची कमान. मागच्या बाजूला ओढ्यावरचा पूल आहे, पण तो जड गाड्यांना बंद. त्यात दुपारी चारनंतर त्या भागात मोठी गाडी सोडत नाहीत. म्हणजे चारच्या आत कमानीखालून पार व्हायचं, नाहीतर उद्या सगळ्या गावानं रिकाम्या चबुतऱ्यापुढे हात जोडायचे.

कमान संजयनं आठ दिवसांपूर्वीच मोजली होती, घरच्या मापाच्या काठीनं. चौदा फूट दोन इंच. आज सकाळी त्याच्या मुलानं, आयुषनं, लोखंडी टेप लावून जमिनीपासून मूर्तीच्या माथ्यापर्यंतचं माप घेतलं. तेरा फूट दहा. चार इंच मोकळे. संजय निर्धास्त होऊन चहाला बसला आणि तेवढ्यात त्याचे वडील, बाबुराव आले.

एकोणऐंशीचे बाबुराव आता गाडीला हात लावत नसत, पण गाडी त्यांना विचारल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नसे. त्यांनी मूर्तीकडे पाहून हात जोडले, दोरांचे पीळ चाचपले, मग म्हणाले, "काठी आण."

"मोजलंय आजोबा," आयुष म्हणाला. "टेपनं. एकदम ॲक्युरेट."

"आणि कमान कशानं मोजली?"

"काठीनं."

"मग? ज्या काठीनं वाट मोजली त्याच काठीनं माल मोजायचा. चाळीस वर्षं मी दुसरं काही केलं नाही. आण."

काठी आणली. आयुषनं ती खाली उभी धरली, संजयनं टपावर चढून खाच वाचली, पुन्हा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. चौदा फूट सात इंच.

म्हणजे टेपच्या हिशेबानं मूर्ती कमानीखालून चार इंच राखून जात होती, आणि काठीच्या हिशेबानं पाच इंच अडकत होती. एकच मूर्ती, एकच जमीन, तासाभरात वाढायला ती काही वयात आलेली मुलगी नव्हती. बावन्न वर्षांच्या आयुष्यात संजयनं ट्रान्सफॉर्मर वाहिले होते, बॉयलर वाहिले होते, एकदा अख्खी गिरणी वाहिली होती. पण ज्याची उंचीच ठरत नाही असा माल त्याच्या गाडीत आजवर बसला नव्हता.

"टेप नवी आहे पप्पा. काठीतच गडबड आहे."

"काठीत गडबड आहे म्हणे," बाबुराव म्हणाले. "तू पाळण्यात होतास तेव्हा त्या काठीनं घाट उतरलेत."

"ती काठी अख्खी होती तेव्हा," कल्याणी म्हणाली. संजयच्या बायकोला नेमकं नको ते, नेमकं नको तेव्हा म्हणायची कला होती, आणि पंचाईत अशी की ते बहुतेक वेळा बरोबर असे.

काठी अख्खी नव्हती खरी. बाबुरावांची मूळ काठी सोळा फुटी, फुटाफुटाला डागलेली खाच, मधे इंचांच्या बारीक रेघा. सहा वर्षांपूर्वी संजय आणि त्याचा थोरला भाऊ रंगनाथ वेगळे झाले. गाड्या वाटल्या, जॅक वाटले, ताडपत्र्या वाटल्या, आणि काठीपाशी येऊन दोघंही हटून बसले. तेव्हा बाबुरावांनी एक शब्द न बोलता घरातून करवत आणून दोघांच्या मध्ये ठेवली. त्यांना वाटलं होतं, करवत बघून पोरं शरमतील. पोरांनी काठी कापली. खालचे आठ फूट संजयला, वरचे आठ रंगनाथला. संजयनं त्याच संध्याकाळी नवा बांबू आणून आपल्या तुकड्याला सांधला होता.

आयुषनं काठी जमिनीवर आडवी टाकली आणि तिच्या कडेनं टेप ओढत नेली. आठव्या खाचेपर्यंत टेप आणि काठी हातात हात घालून चालल्या. सांध्यापुढं नववी खाच आली, तेव्हा टेप सव्वाआठ फूट दाखवत होती.

"इथं," तो म्हणाला. "दोन्ही बांबू एकमेकांवर चढवून बांधलेत ना, ते केवढं आहे बघा. नऊ इंच. वीतभर. तुम्ही खाचा आधी पाडल्या की आधी बांधलं?"

संजयला आठवलं. खाचा आधी डागल्या होत्या, नवव्या फुटापासून सोळाव्यापर्यंत, बांबू मांडीवर घेऊन, दात-ओठ खात. मग जुना तुकडा आणि नवा तुकडा वीतभर एकावर एक चढवून दोरानं आवळला. चढवलेली वीत वजा करायला हवी, हे त्या संध्याकाळी त्याच्या डोक्यातच आलं नाही. डोक्यात रंगनाथ होता. त्यानंतर सहा वर्षं आठ फुटांवरचा माल फारसा आलाच नाही, आणि आला तेव्हा बाबुरावांच्या नियमानं वाट आणि माल दोन्ही त्याच खोट्या काठीनं मोजले गेले, म्हणून निभावलं.

"म्हणजे कमान चौदा-दोन नाहीच," आयुष हळू म्हणाला. "तेरा-पाच आहे. मूर्ती तेरा-दहा. पाच इंच जास्त."

"म्हणजे काठी खोटी, पण सांगत होती ते खरं," बाबुराव म्हणाले.

हे वाक्य संजयला दिवसभर छळणार होतं. त्या क्षणी त्याला एवढंच कळलं, की चूक त्याची आहे, सहा वर्षं जुनी आहे, आणि आता पावणेअकरा वाजलेत.

"मग आडवी करून न्या," कल्याणी म्हणाली. "वाटेपुरतं. तिथं क्रेन आहे, उतरवताना बसवायची."

"आणि इथं आडवी कोण करणार, तुझे वडील?" संजय म्हणाला. "क्रेन संध्याकाळपर्यंत यायची नाही."

"माझे वडील आता नाहीत, आणि ते होते तेव्हा टेपनं मोजत होते," कल्याणी शांतपणे म्हणाली. ते शिंपी होते.

बाबुरावांनी हात वर केला. "क्रेन आली तरी आडवी करायची नाही. निजलेले भगवान म्हणजे महापरिनिर्वाण. चंद्रीच्या माहेरी, चंद्रीच्या नावानं, मी ते न्यायचं? दोर कुठनं टाकणार? छातीवरनं? तोंडावरनं? तिनं एकदा रस्त्यात बघितलं होतं, टेम्पोत गवतावर आडवी टाकलेली मूर्ती. घरी येऊन जेवली नाही. म्हणाली, आपले येतील तेव्हा बसून येऊ द्या. मी म्हटलं, माझ्या गाडीतनं येतील ते बसूनच येतील." ते थांबले. "शब्द दिलेला हाय."

एरवी शुद्ध बोलणाऱ्या बाबुरावांच्या तोंडून असा गावाकडचा 'हाय' निसटला, की घरात पुढं कोणी बोलत नसे. आयुषनं टेप गुंडाळली. संजय हौद्यावर चढून, कारण नसताना, बैठकीला गुंडाळलेलं गोणपाट नीट करू लागला.

गोणपाट नीटच होतं. पण त्याच्याखाली जे होतं ते संजयशिवाय फक्त पाथरवटाला माहीत होतं. बाबुरावांनी मजकूर सांगितला होता तो सरळ होता: चंद्रभागा बाबुराव ओव्हाळ यांच्या स्मरणार्थ, ओव्हाळ परिवार. पाथरवटानं कागद वाचून विचारलं, मुलांची नावं नाही टाकायची? आणि संजयनं, का कुणास ठाऊक, उभ्या उभ्या तीन नावं सांगितली. रंगनाथ, संजय, शालू. वयाप्रमाणे. या घरात सहा वर्षं रंगनाथचं नाव कोणी काढलं नव्हतं, आणि ते काढू नका असं सगळ्यात मोठ्या आवाजात सांगणारा संजयच होता. दगडावरचं पुसता येत नाही. म्हणून गोणपाट.

"नाव नीट कोरलंय ना रे?" बाबुरावांनी खालून विचारलं.

"कोरलंय."

"मग झाकलंय कशाला?"

"धूळ बसते," संजय म्हणाला. मूर्तीला पायाशीच धूळ बसते आणि चेहऱ्याला बसत नाही, हे बाबुरावांना पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

सव्वाअकराला शालूची स्कूटर फाटकातून आत आली. ओव्हाळांची धाकटी, सरकारी कचेरीत हेडक्लार्क, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली. संजयला वाटलं बाबांनी बोलावलं. बाबुरावांना वाटलं संजयनं. शालूनं हेल्मेट काढलं आणि सरळ कल्याणीला म्हणाली, "वहिनी, तू फोनवर पाच इंच म्हणालीस ना?"

या दोघी आईच्या पैठणीवरून चार वर्षं एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या. त्या फोनवर कधीपासून बोलायला लागल्या, हे संजयला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्या घरात आपल्याला वगळून एक अख्खी वाहतूक चालते आणि तिचा पत्ता आपल्याला फाटकापाशी लागतो, असं त्याला वाटलं आणि वाईट वाटलं.

"पाच इंच," कल्याणी म्हणाली. "ह्यांच्या काठीची मेहेरबानी."

"मग मी केलं ते बरोबर केलं. मी दादाला फोन केलाय. त्याच्याकडे खालच्या हौद्याचा ट्रेलर आहे. त्याच्यावर मूर्ती दीड फूट खाली येईल. निघालाय तो भूगावहून."

संजय हौद्यावरून खाली उतरला.

"कुणाला विचारून?" संजय म्हणाला.

"कमानीला," शालू म्हणाली.

"तो माणूस आईला अग्नी द्यायला आला नाही शालू. तिसऱ्या दिवशी आला. चपला घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, गाडी सोडता आली नाही."

"साक्रीच्या घाटात पवनचक्कीचं पातं होतं त्याच्या गाडीत. दीडशे फूट लांब. ते पातं रस्त्यात टाकून येणार होता का तो? दोन्ही बाजूंनी रस्ता बंद झाला असता."

"टाकून यायचं."

"तू आला असतास?"

सहा वर्षं संजय या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं देत आला होता, कारण विचारणारे सगळे बिगरड्रायव्हर होते. शालूही बिगरड्रायव्हरच. पण आज बाबुराव पुढ्यात उभे होते, आणि ते त्याच्याकडे नाही, गाडीच्या चाकांकडे बघत होते. सहा वर्षांत ते या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते. आई गेली ती त्यांची बायको होती; पण माल उघड्यावर सोडायचा नसतो हे दोन्ही पोरांना शिकवणारेही तेच होते. संजयला पहिल्यांदाच कळलं, की बाबा गप्प होते ते रागानं नाही. त्यांनाही ठरवता आलेलं नव्हतं.

"येऊ दे त्याला," बाबुराव चाकांना म्हणाले.

रंगनाथ आला तो मोटारसायकलवर. मागं ट्रेलर नव्हता. छप्पन्नाव्या वर्षी केस पूर्ण पांढरे झालेले, शर्टाच्या खिशात टायरची हवा मोजायचं मीटर. त्यानं बाबुरावांच्या पायांना हात लावला, मूर्तीसमोर गुडघे टेकून नमस्कार केला, आणि संजयकडे न बघता आयुषला म्हणाला, "जय भीम आयुष. हिंजवडीत कंपनी कशी आहे?"

"जय भीम काका. बरी आहे. ट्रेलर?"

"नागपूरला. परवा येईल."

शालूचा चेहरा पडला. "मला म्हणालास निघालो."

"मी निघालो म्हणालो. ट्रेलर निघाला असं नाही म्हणालो." तो गाडीभोवती फिरत होता. वाकून टायर बघितले, हौद्यात हात घालून मूर्तीखालचे ठोकळे बोटांनी मापले. "आयुष, तुझ्या वडिलांना विचार, हे ठोकळे कशाला ठेवलेत?"

संजय चार हातांवर उभा होता. आयुषनं बापाकडे पाहिलं.

"त्याला सांग, क्रेनचा पट्टा काढायला," संजय म्हणाला.

"पट्टा काढून झाला का, विचार."

"झाला म्हणावं."

"मग चार इंचाचे ठोकळे आता काय शोभेला आहेत का, विचार. जॅक लावून एकेक काढले तर मूर्ती हौद्यावर बसते. खाली रबराची पट्टी टाकायची, घसरणार नाही. चार इंच गेले. राहिला एक."

"आणि जायला जागा पण लागते, म्हणावं त्याला. नुसतं बरोबरीला येऊन भागत नाही."

"टायर आहेत ना. कमानीपाशी हवा काढायची. अडीच-तीन इंच गाडी खाली बसते. पार झालं की गाडीच्याच टाकीतनं पुन्हा भरायची. बाबांनी माणगावला गिरणीचं चाक काढलं होतं तसं. तुझ्या वडिलांना आठवत नसेल, ते तेव्हा नववीत नापास होत होते."

"आठवीत," संजय म्हणाला, आणि आपण थेट बोललो हे लक्षात येऊन पुन्हा आयुषकडे वळला. आयुष मात्र तोवर जॅक आणायला निघून गेला होता. निरोप्या उरला नव्हता.

दोघा भावांनी मिळून ठोकळे काढायला दीड तास लागला. एका कोपऱ्याला जॅक, दुसऱ्या कोपऱ्याला पहार, एका वेळी अर्धा इंच. रंगनाथ 'हं' म्हणायचा आणि संजय दांडा दाबायचा, रंगनाथ 'बस' म्हणायचा आणि संजय थांबायचा. हे हुकूम कोणालाही उद्देशून असू शकत होते, म्हणून दोघांचंही चाललं. तिसरा ठोकळा काढताना गोणपाटाची दोरी सैल झाली. संजयनं झडप घालून ती घाईघाईनं आवळली. रंगनाथनं पाहिलं आणि काही विचारलं नाही. तो पूर्वीपासूनच असा होता, विचारायचं ते विचारत नसे, आणि मग सहा वर्षं जात.

सव्वादोनला गाडी वारज्यातून निघाली. संजय स्टिअरिंगवर, शेजारी बाबुराव. मागं हौद्यात, केबिन आणि मूर्ती यांच्यामधल्या हातभर जागेत, रंगनाथ उभा. शालू आणि कल्याणी आयुषच्या मोटारीतून मागोमाग. मूर्तीबरोबर कोण बसणार हे कोणी ठरवलं नव्हतं. रंगनाथ चढला आणि उतरला नाही, एवढंच झालं.

साडेतीनला गाडी कमानीपुढं येऊन उभी राहिली, आणि गाव गोळा झालं. उद्याच्या कार्यक्रमासाठी पांढऱ्या साड्या आणून ठेवलेल्या बाया आजच त्या नेसून आल्या होत्या. विहाराच्या समितीची तिघं माणसं तीन वेगवेगळ्या दिशांना हात करत होती. चारही बाजूंच्या टायरांतून हवा सुस्कारत बाहेर पडली आणि गाडी हळूहळू खाली बसली. रंगनाथनं मीटर लावून बघितलं, आयुषनं टेप लावून. दीड इंच मोकळा.

"दीड इंचात काय होतंय," समितीतला एक जण म्हणाला.

"दोन बोटं होतात," बाबुराव म्हणाले. "आमच्या हिनं दोन बोटांत संसार केला." मग त्यांनी संजयच्या हाताला हात लावला. "वर बघायचं नाही. लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. बाबुरावांनी दोघांना एकाच दिवशी, एकाच गाडीवर शिकवलं होतं. अडचणीच्या जागी चालवणाऱ्यानं वर बघायचं नाही, मागंही नाही. तो वर बघतो तेव्हा पाय हलतो. वरचं बघायला मागं माणूस असतो. टपावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. माणूस तोंडानं काय ओरडतो ते ऐकायचं नाही, फक्त थाप ऐकायची. मागच्या माणसावर भरवसा नसेल तर गाडीत बसायचंच नाही.

दोन थापा पडल्या. संजयनं क्लच सोडला.

"डावीकडं घ्या," कोणीतरी ओरडलं. "उजवीकडं, उजवीकडं," दुसऱ्यानं सांगितलं. बाईचा आवाज म्हणाला, थांबा, टेकतंय. दुसरी म्हणाली, कुठं टेकतंय, येऊ द्या की. शिट्टी वाजली. फोन वाजला, शालूचा. काचेवर टकटक झाली, समितीचा माणूस हातानं दोन उलट्या खुणा एकाच वेळी करत होता. संजयचं डोकं गरगरायला लागलं. सकाळपासून प्रत्येक जण त्याला काहीतरी सांगत होता, आणि प्रत्येकाचं खरं वाटत होतं. टेपचं खरं वाटलं होतं, काठीचंही. कल्याणीचं, बाबांचं. शालूनं विचारलं तेव्हा तर सहा वर्षांचं स्वतःचंच खोटं वाटलं होतं. आता वर बघावं, एकदाच, आपल्या डोळ्यांनी बघून टाकावं, असं त्याला फार वाटलं. त्यानं काच वर केली. फोन बाबांच्या मांडीवर टाकला.

टपावर एक थाप पडली.

त्यानं ब्रेक दाबला. केबिन नेमकी कमानीच्या पुढं निघालेली, म्हणजे मूर्ती नेमकी कमानीखाली. दुसरी थाप येईना. बाहेर माणसांची तोंडं हलत होती, आवाज काचेपलीकडं राहिला होता. घड्याळात चारला बारा कमी. मूर्ती टेकली का? टेकली असती तर खरखर ऐकू आली असती. दोर सुटला का? मग वाटेत गाडी ज्याच्यावर आदळली तो गतिरोधक संजयला आठवला, जॅकपाशी सैल झालेली दोरी आठवली, आणि आपण ती कशी घाईत, एकाच गाठीवर बांधली तेही आठवलं. सहा वर्षांत त्यानं रागात एक गाठ बांधली होती आणि भीतीत एक. दोन्ही त्याच्याच हातच्या.

मागं, हातभर जागेत, वाकलेल्या रंगनाथचं तोंड बैठकीसमोर होतं. नाकापासून दोन विती.

संजयनं वर बघितलं नाही. दादानं आता खाली उडी टाकली आणि चालता झाला तर गाडी इथंच, कमानीखाली, पुढंही नाही आणि मागंही नाही, असं त्याच्या मनात आलं. बाबुराव समोर बघत होते.

मग दोन थापा पडल्या. हलक्या, पण दोन.

गाडी माणसाच्या चालीनं पुढं सरकली. आरशात कमान मागं गेलेली दिसली. लोकांनी हात जोडले आणि कोणीतरी सुरू केलेलं 'साधु, साधु, साधु' सगळ्या रस्त्यावर पसरलं. संजयनं गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

रंगनाथ खाली उतरून खिडकीशी आला. डोळे लाल झाले होते, धूळही असेल. संजयनं काच खाली केली.

"मध्ये थांबवलंस," संजय म्हणाला. सहा वर्षांतलं पहिलं अख्खं वाक्य हे असं, तक्रारीसारखं निघालं.

"गोणी सुटली होती."

"बांधलीस?"

"नाही," रंगनाथ म्हणाला. "काढून टाकली." मग त्यानं खिशातलं मीटर खिडकीतून आत दिलं. "हवा भर. मागचे टायर आधी."